खालच्या मजल्यावरची बासरी

मंगळवार, संध्याकाळ

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या या नव्या घरात आल्यापासून खालचे म्हात्रे रोज संध्याकाळी बासरी शिकत होते. शिकत कसले, नुसती फुंकर! पेणचं ऑफिस करून, दोन तास एसटीत आंबून मी यायची आणि डोकं उठायचं. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली. माझं नाव सांगू नका म्हणून बजावलं. बासरी थांबली. माझी पेटी मात्र रोज चालूच.

आज पेण स्टँडवर म्हात्र्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती. नागोठणं गेल्यावर सहज म्हणाले, "ताई, तुमची पेटी ऐकूनच मला हौस आली व्हती. पन कुणीतरी तक्रार केली, मग सोडली."

आणि मी काय म्हणावं? "कशी असतात ना माणसं!"

त्यांनीच धरलेल्या जागेवर बसून म्हटलं मी हे. कशी असतात ना माणसं! रोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर पेटीला हात लाववेना. शेवटी खाली गेले आणि दारातच सांगून टाकलं, "तक्रार मीच केली होती."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "सेक्रेटरी त्याच दिवशी बोलले."

म्हणजे जागा धरली तेव्हाही ठाऊक होतं! मी कबूल करते का, ते बघत होते? विचारायचं धाडस झालं नाही. बासरी पुन्हा सुरू करा, एवढंच मी म्हणाले.

"बघू," ते म्हणाले, आणि बायकोला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.