कडेवरचे वळण

प्रिय विश्वजीत,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर "आप्पा, काय चुकलं तेच कळत नाही," असे तू तीनदा म्हणालास आणि मी फोन ठेवला. चाचणीत वेटोळे जळाल्याबद्दल त्याची पट्टी पुरवणाऱ्या कंपनीस दोष देणारा अहवाल तू सोमवारच्या बैठकीत वरिष्ठांपुढे ठेवणार आहेस, हे समजले.

मी चौथी शिकलेला मनुष्य आहे. विमानाचा पंखा फिरवणारी तुमची मोटार आणि भयंकर थंडीत विजेला अजिबात न अडवणारी ती पट्टी, यांतले शास्त्र मला ठाऊक नाही. परंतु शहागंजातल्या दुकानात मी पन्नास वर्षे जळालेल्या मोटारींत तांब्याच्या तारेची नवी वेटोळी भरली आहेत. वेटोळे कोठे दुखते, ते बोटांना कळते.

चाचणीच्या आदल्या दिवशी तू मला वाळूजला तुमच्या कारखान्यात नेलेस. हातमोजे घालायला लावलेस आणि वेटोळे पुढे केलेस. "बघा आप्पा, कसं जमलंय!" मी अंगठा फिरवला. पट्टी जेथे बाहेर निघते, तेथे तू ती सपाट बाजूने न वाकवता धारेच्या कडेवर वळवली होतीस. तांबे ते सोसते. या पट्टीच्या पोटात काचेसारखा ठिसूळ थर असतो, हे तूच मला सांगितले होतेस. मी म्हणालो, "छान आहे." दुसऱ्या दिवशी चाचणीत वेटोळे जळाले ते त्याच जागी.

पुढे तुझ्या हाताखालची दीपमाला दुकानात आली. स्टुलावर बसून तिने विचारले, "काका, हे टोक तुम्ही कसं काढलं असतं?" मी दाखवले. तिने वेटोळे नव्याने भरले आणि काल ते पूर्ण विजेवर टिकले. तुला कळवू का, असे तिने मला विचारले. बैठकीपर्यंत थांब, असे मी सांगितले.

या चाचणीच्या थोडे आधी सिल्लोडला झालेल्या तुझ्या सत्कारात तू माईकवर म्हणालास, "माझे वडील साधे वायरमन होते." टाळ्या पडल्या. वायरमन भिंतीतून तारा ओढतो, बटणे बसवतो. मी वाइंडर आहे, मोटारीची वेटोळी भरणारा. माझ्या मुलाला हा फरक माहीत नाही, असे मी मानत नाही. तुला तो सांगण्याची लाज वाटली. म्हणून त्या दिवशी वाळूजला मी वायरमनाला दिसेल तेवढेच पाहिले. आज शनिवार आहे. पोस्टमन टपालपेटीतले आजचे टपाल काढून घेऊन गेल्यावर हे पत्र मी तिच्यात टाकीन, म्हणजे बैठक होऊन गेल्यावरच ते तुझ्या हाती पडेल.

तुझाच,
आप्पा