वडिलांकडून आलेला आकडा

पायाकुम्बुह,
गुरुवार

प्रिय झुल,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, आपली आई, आमाक, बरी आहे. दचकायचं ते पुढे आहे. 

सोमवारी आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांचं रक्त तपासलं. माझं कोलेस्टेरॉल तीनशे बहात्तर! मी हसलेच. मला अजून सगळे ‘काडी’ म्हणतात, आणि वडील, अपाक, गेल्यापासून आपल्या चुलीवर नारळाचं दूध चढलेलं नाही. चूक असेल म्हणून पुन्हा रक्त दिलं. तीनशे अडुसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी माझी टाच दाबून पाहिली. “ही गाठ कधीपासून?” म्हटलं, “चपलेनं झाली असेल. आमच्या वडिलांनाही होत्या.” त्या लिहिता लिहिता थांबल्या. “वडील कितव्या वर्षी गेले?” “अठ्ठेचाळिसाव्या. आमच्याच खानावळीत उभ्याउभ्या कोसळले.” मग हळूच म्हणाल्या, “पथ्य पाळायलाच हवं, पण एवढा आकडा नुसत्या जेवणानं येत नाही, बाई. हा जन्मापासून रक्तात असतो, ही गाठही त्याचीच. वडिलांकडून आलाय.”

 डोळ्यांपुढे अपाकच्या दफनाचा दिवस उभा राहिला. साऱ्या गोतासमोर तू आमाकला म्हणालास, “तुझ्या नारळाच्या दुधातल्या रेंदांगनंच खाल्लं त्यांना!” आणि घर सोडून बाताम बेट गाठलंस.  तिनं चाळिसाव्या दिवसाच्या आधीच खानावळ बंद केली. मी गप्प राहिले, झुल, कारण मलाही तसंच वाटत होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काल तिला सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे मी नाही मारलं त्यांना?” मी तिचा हात धरायला वाकले. तोवर ती ताडकन उठली. “अगं, मग झुलचं रक्त कोण तपासणार?”

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुला एक्केचाळीस लागलं. रोजच्या गोळीनं आकडा खाली येतो, मी सुरू केलीय. हे वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन रक्त दे. तुझ्या लेकीला, नादिरालाही ने, नऊ वर्षांची आहे म्हणून टाळू नकोस, मुलांतही उतरतं हे. आणि निकाल आला की मला नको, आमाकला फोन कर. घरातला फोन वाजला की ती अजून आधी धावते.

तुझीच थोरली बहीण,
उनी यूसमानियार