आमच्या घरामागच्या हजार घरांची फेरमोजणी व्हावी म्हणून

प्रति,
मा. संचालक,
राज्य बालदारिद्र्य पाहणी विभाग,
सांख्यिकी कार्यालय.

विषय : पाहणीत माझ्या घरातून गेलेली खोटी उत्तरे दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : 'एकदा नोंदवलेली उत्तरे बदलता येत नाहीत' हे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

वरील पत्र मिळाले. तरीही पुन्हा अर्ज करीत आहे, याची क्षमा असावी. मी शिलाई कारखान्यात काजे-बटणांचे काम करते. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहीत असल्याने अक्षर मध्येच बिघडलेले दिसेल.

१. राज्यातली किती मुले गरिबीत वाढतात हे मोजण्यासाठी आपण काही घरे निवडली, त्यांत आमची खोली होती. पाहणीच्या बाई येणार हे आदल्या दिवशी कळले. सासूबाई म्हणाल्या, "परकं माणूस घरात येतंय. जरा चारचौघांसारखं दिसू दे." शेजारच्या वहिनींनी खुर्ची दिली, टेबलपंखा दिला, शिवाय त्यांच्या मुलीचे, छबीचे, बूटही दिले. माझ्या चार वर्षांच्या मुलीला ते मोठे होत होते, म्हणून पुढे कापूस भरला आणि ती चालू नये म्हणून तिला मांडीवर घेऊन बसले.

२. बाईंनी विचारले, मुलीला मापाचे बूट आहेत का, थंडीचे कपडे, निजायला वेगळे अंथरूण, रोज एखादे फळ? मी सगळ्याला "आहे, आहे" म्हणत गेले. मुलगी मध्येच बोलली, "आई, हे तर छबीचे आहेत." मी हसून म्हणाले, "गप गं लबाडे!" बाईही हसल्या. खरे बोलणाऱ्या लेकराला मी परक्या माणसासमोर लबाड ठरवले, ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

जाताना बाई म्हणाल्या, "आम्ही मोजतो एकच घर, पण हिशेबात तुमच्यामागे हजारभर घरं उभी असतात. जे तुमचं, तेच त्यांचं." हे त्यांनी आल्या आल्या सांगितले असते तर!

३. पुढे राज्यातल्या बालगरिबीचा दर जाहीर झाला. तो ठरलेल्या मर्यादेच्या जरासाच खाली आला आणि त्यामुळे मुलीच्या पाळणाघरातले सरकारकडून मिळणारे दुपारचे जेवण बंद झाले. माझे यजमान म्हणतात, "तुझ्या एका खोलीनं राज्य हललं होय?" मलाही तसेच वाटून घ्यायचे होते. पण कारखान्यात मी बूट-खुर्चीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या, फक्त माझ्या शेजारी बसणारी मान खाली घालून काजे करीत राहिली. पाहणी तिच्याही घरी झाली होती.

छबीही त्याच पाळणाघरात जेवायची. वहिनींना तोंड दाखवायची लाज वाटते. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. म्हणाल्या, "जाऊ दे गं, बूट मीच दिले होते ना."

४. तरी माझी विनंती अशी की त्या हजार घरांचे पत्ते मला द्यावेत. सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जाऊन माफी मागेन. आपल्या खिडकीवरच्या साहेबांना हे विचारले, तर ते म्हणाले, "बाई, त्या घरांना पत्ते नसतात. तो नुसता आकडा असतो." असेल. पण मुले तर कुठेतरी असतीलच ना! ती अनवाणी आहेत आणि आपल्या कागदावर मी त्यांच्या पायांत बूट चढवले आहेत.

५. पत्ते देता येत नसतील, तर पाहणीच्या बाईंना परत पाठवावे आणि आधी कळवू नये. बसायला खुर्ची मिळणार नाही, पत्र्याची पेटी पुसून ठेवीन. सासूबाईंना समजावून झाले आहे.

फक्त एक अडचण आहे. छबीला बूट लहान झाले, म्हणून वहिनींनी ते परवा आम्हालाच देऊन टाकले. सासूबाई म्हणतात हे कळवू नकोस, पण आता लपवाछपवी नको. बूट आमचे झाले आहेत, मात्र कापूस अजून लागतो. तेव्हा त्या प्रश्नापुढे काय लिहायचे, ते बाईंनी मुलीलाच विचारावे. या वेळी मी तिला गप्प करणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
पाहणीत निवडलेल्या घरातली आई
(सही)
दिनांक : ७ मार्च

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. मुलीचे पाऊल कागदावर ठेवून काढलेली रेघ. (गुदगुल्या झाल्याने ती हलली. अंगठा प्रत्यक्षात लहान आहे.)