साखरविरहित डब्याबद्दल दादास

तीर्थरूप दादास,

वाकून नमस्कार (कंबरेपर्यंतच, पुढे पोट हरकत घेतं). तुझी तब्येत विचारत नाही. आठवड्यातून तीनदा यंत्रातून रक्त गाळून घेणाऱ्याला "बरा आहेस ना?" विचारण्याइतका मी निर्लज्ज नाही. वहिनींनाही नमस्कार, पण तो जरा रागाचा.

माझं एक मूत्रपिंड तुला द्यायचं तर आधी आठ किलो उतरवा, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, हे तू जाणतोसच. त्याच संध्याकाळी मी घरातली साखर हद्दपार केली आणि स्वयंपाकघरात अर्धा तास भाषण ठोकलं, की साखर सत्ताधाऱ्यांसारखी असते, आधी गोड बोलते, मग मानगुटीवर बसते. (बायको म्हणाली, "भाषणाने वजन उतरत असतं तर तुम्ही एव्हाना वाऱ्यावर उडाला असता.") चहात गोडीच्या गोळ्या आल्या. गोळ्यांवर चार पुस्तकं वाचली. चौघांची चार मतं. मी त्यातून एवढंच काढलं, की गोळी साखर वाचवते, खादाड माणसाला वाचवत नाही. हे काढलं तेव्हा मी तळलेले बटाटे खात होतो. चहातले दोन चमचे वाचले, या आनंदात जेवणात भात दोनदा घेत होतो.

तरी महिन्यात दोन किलो उतरले. मग तुझे डबे सुरू झाले. दर रविवारी वहिनी बिस्किटं आणायच्या, वर तुझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: "साखरविरहित. निर्धास्त खा." थोरल्या भावाचा शब्द! मी निर्धास्त खाल्लं. पाचव्या रविवारी वजन साडेतीन किलोंनी वर. मी काटाच बदलला (नवा अधिक उर्मट निघाला).

परवा ओट्यावर गोळ्या सांडल्या होत्या, शेजारी तुझा डबा उघडा. मुंग्यांची रांग गोळ्यांना वळसा घालून थेट डब्यात. मुंग्या चिठ्ठ्या वाचत नाहीत, दादा. वहिनींना जाब विचारला. त्यांनी झाकण दोनदा काढलं, दोनदा लावलं, मग म्हणाल्या, "भावजी, हे म्हणतात, त्याचं वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नको म्हणतील. मला त्याला तोंडाने नाही म्हणावं लागणार नाही."

म्हणजे मला वाचवायला तू मला फुगवत होतास! मी आयुष्यभर व्यासपीठावरून त्याग, बंधुभाव असले शब्द फेकले आणि टाळ्या घेतल्या. तू चिठ्ठीपलीकडे अक्षर न बोलता मला किलोकिलोने ऐकवलंस. खऱ्या-खोट्या गोडीत जीभ फसते, शरीर फसत नाही. तुझी माया अस्सल होती, म्हणूनच अंगी लागली. पण तिने तुझा जीव जाणार असेल, तर ती मला नको.

तुझा,
धाकटा

ता. क. डबा परत पाठवतो आहे. रिकामा आहे, पुरावा तपासता तपासता संपला.

आणखी एक. कालपासून भात एकदाच. सोमवारी डॉक्टरीणबाई तुला एकट्याला आत बोलावून विचारतील, भावाचं घेणार का. हात जोडतो, हो म्हण. मी बाहेर बाकावर बसेन आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. हे बायकोला सांगितलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.