तीन खाचांचा कॅमेरा

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, एवढा तरी फायदा.

बाबांच्या स्टुडिओची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची आहे. पडदे, स्टुलं, डेव्हलपिंगचे ट्रे सगळं निघालं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काळ्या फडक्यात गुंडाळलेला बाबांचा कॅमेरा सापडला. काळा, जड आणि दोन डोळ्यांचा. एकावर एक दोन भिंगं आहेत, वरचं झाकण उघडलं की दुधी काच दिसते. पुढची नावाची पट्टी कुठेतरी पडली आहे, नुसती स्क्रूची दोन भोकं उरलीत. कातडं एका कोपऱ्यात सुटलंय. मी त्याला गोंद लावणार होते, पण तू ओरडशील म्हणून लावला नाही.

आता कामाचं. इथल्या ग्रंथालयाने बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलंय. ते कारखान्याच्या शिवणखात्यातल्या बायकांचे चाळीस फोटो. ग्रंथपालबाई फारच भारावल्या आहेत. त्या म्हणाल्या की मशीनवर वाकलेल्या, डबा खाणाऱ्या, केसांत पिना खोचणाऱ्या बायका एका परक्या पुरुषासमोर इतक्या मोकळ्या कशा राहिल्या, हे त्यांना उलगडत नाही. मी त्यांना सांगितलं की आमची आत्या त्याच कारखान्यात आठ वर्षं शिवणकाम करत होती. मग त्या म्हणाल्या, म्हणूनच तुमच्या वडिलांना आत शिरकाव मिळाला असणार. मलाही ते पटलं.

कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवायचाय आणि खाली त्याचं नाव लिहायचंय. तू पस्तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोयस, तेव्हा नाव सांग. फोटोंखालची कार्डं लवकर छापायला टाकायची आहेत. आत्याच्या कानातलं मशीन नीट झालं का? ती तुझ्याकडे राहते म्हणून मी निर्धास्त आहे, पण तू तिच्याशी बोलतोस का, हे ती सांगत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्राने कळव.

तुझी,
धाकटी

*

११ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, आणि झालाही.

‘काळा, जड आणि दोन डोळ्यांचा’ एवढ्या वर्णनावर म्हैससुद्धा निघू शकते. फोटो काढून पाठवला असतास तर बरं झालं असतं, पण फोटोग्राफरच्या घरात फोटो कोण काढणार.

थोडं समजून घे, म्हणजे बघताना डोळे उघडे राहतील. दोन भिंगांची खोकी एकोणिसाव्या शतकातही होती, पण ती मोठी आणि अवजड. पोटाशी धरून, मान खाली घालून बघायचा हा सुटसुटीत प्रकार रुळला तो १९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स निघाल्यापासून. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालचं फोटो काढतं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून नवखा माणूस गिऱ्हाइकाला चुकीच्या बाजूला सरकवत राहतो. पुढे तो चालला तशा देशोदेशी त्याच्या नकला निघाल्या. युद्धानंतर जपानात तर ज्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर होता त्याने असा एक कॅमेरा बाजारात आणला. समोरून सगळे सख्ख्या भावांसारखे दिसतात. त्यामुळे नावाच्या पट्टीवर कधीच जाऊ नये, पट्टी दोन स्क्रूंची असते आणि कुणाचीही कुणाला लागते. अंग बघावं.

तर अंग बघ. उजव्या कुशीला फिल्म पुढे नेणारी दांडी आहे की नुसता गोल खुंटा? दांडी असली तर रोलायफ्लेक्स असू शकतो. खुंटा असला तर त्याचा स्वस्त धाकटा भाऊ रोलायकॉर्ड, किंवा दुसरंच कुणी. मग डावी कूस बघ. रोलायफ्लेक्सचं फोकस करायचं मोठं चाक डावीकडे असतं. ते नसेल तर कुठे आहे ते लिही. भिंगांच्या कड्यांवरची अक्षरं भिंग लावून उतरवून काढ, अंदाजाने नको.

शेवटचं काम सावकाश कर. मागचं दार उघडून फिल्म बसते ती चौकट बघ. तिच्या काठावर कानशीने पाडलेल्या खाचा असतील, त्या मोज. आपल्या दुकानातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला बाबा अशा खाचा पाडायला लावायचे. खाचेतून जास्तीचा उजेड जातो आणि निगेटिव्हच्या कडेला काळा दात उमटतो. रिळावर ओरखडा आला की कुठला कॅमेरा बिघडलाय ते दातावरून लगेच कळायचं. बाबांच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला एक खाच होती, लग्नाकार्याच्या कॅमेऱ्याला दोन. मोजल्यास की त्या चाळीस निगेटिव्हच्या कडाही बघून ठेव.

कातड्याला गोंद लावू नकोस. आत्याचं मशीन नीट आहे, ती ते घालत नाही एवढंच.

माया आहे ती असू द्यावी.

दादा

*

१९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी परीक्षा दिली एकदाची. कानात पेन्सिल खोचून, चष्म्यावर भिंग धरून मी दोन तास टेबलाशी होते. यांनी दोनदा येऊन विचारलं की घड्याळ दुरुस्त करतेयस का.

उजवीकडे दांडी आहे. डावीकडे चाक नाही. फोकस करायला खालच्या भिंगाच्या बुडाशी एक लांबट पट्टी आहे, ती डावी-उजवीकडे सरकते. समोरून कॅमेऱ्याला मिशी आल्यासारखी दिसते. वरच्या भिंगाच्या कड्यावर ‘चियोको’ आणि ‘व्ह्यू-रोकोर’ अशी अक्षरं आहेत. फिल्म वरून सरळ खाली उतरते. आणि खाचा तीन आहेत. एक नाही, दोन नाहीत, तीन. मी काडीने चाचपून मोजल्या.

मग निगेटिव्ह काढले. खिडकीच्या काचेला लावून चाळीसच्या चाळीस पाहिले. दादा, सगळ्यांच्या कडेला तीन दात आहेत! म्हणजे ते फोटो ह्याच कॅमेऱ्याने काढलेत, आता वादच नाही. ग्रंथपालबाईंना लगेच सांगून आले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कार्डं तेवढ्यावरच छापायला टाकली. प्रत्येक कार्डावर बाबांचं नाव आणि आडनाव आहे. कॅमेऱ्याचं नाव तेवढं वेगळ्या चिठ्ठीवर लिहू. आपला बाप गेल्यावर का होईना, गावाने नाव घेतलं. खरं सांगते, घरी येऊन मी रडले.

तेव्हा कॅमेऱ्याचं नाव पाठव आणि प्रदर्शनाला ये. आत्यालाही आण. मला तुमच्या दोघांचीही फार आठवण येते, पण तू कळवत नाहीस म्हणून मीही कळवत नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

धाकटी

*

२७ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कॅमेरा ऑटोकॉर्ड आहे. जपानी, पन्नासच्या दशकातला. भिंगाखालची पट्टी आणि वरून खाली उतरणारी फिल्म एकत्र दिसली की शंका उरत नाही. चिठ्ठीवर तसं लिहायला हरकत नाही.

पण तो बाबांचा नाही. बाबांनी आयुष्यभर रोलायफ्लेक्स वापरला. दुकान बंद करताना तो विकला, गिऱ्हाईक मीच आणलं होतं. ऑटोकॉर्डला ते मिशीवाला म्हणायचे आणि दुकानाच्या कामाला वापरू द्यायचे नाहीत. तो आत्याचा होता. तिने शिवणखात्यातल्या पगारातून जुना घेतला होता. त्याच्या तीन खाचा मी पाडल्या, बाबांनीच सांगितलं म्हणून. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि डार्करूम माझ्याकडे होती.

आत्या दर शनिवारी डब्याच्या पिशवीतून एक रीळ आणून माझ्यासमोर ठेवायची. मी ते धुवायचो. तीन दातांचं रीळ दुसऱ्या कुणाचं नसायचं. प्रिंट वाळले की बाबा मागे दुकानाचा शिक्का मारायचे, कारण दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोवर तोच शिक्का बसायचा. मग त्यातले फोटो वर्तमानपत्राच्या स्पर्धेला गेले, बक्षीस आलं, बाबांचं नाव छापलं गेलं. बाबांनी ते दुरुस्त केलं नाही. मीही काही बोललो नाही. वय लहान होतं हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देतो. पण बोलण्यापुरतं ते वय पुरेसं होतं.

मागच्या पत्रात मी तुला खाचा मोजायला सांगितल्या तेव्हा मला उत्तर माहीत होतं. सरळ लिहायला हवं होतं. तूच शोधून काढावंस म्हणजे मला सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. तू ते शोधून काढलंस आणि उलटंच वाचलंस.

चाळीसही फोटो आत्याचे आहेत. एकही बाबांचा नाही. ह्याबाबत माझी खात्री आहे.

तिला मी विचारलेलं नाही. तिला ऐकू येत नाही हे निमित्त पुरतं.

रागावलीस तरी लिहीत राहा.

दादा

*

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला वाचायला देऊ नकोस. त्याच्यावर मी इतकी चिडले आहे की त्याला लिहायला बसले तर कागद फाटेल. तुझ्या हातचं एका घरात बसून रोज जेवतो आणि पस्तीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, म्हणजे काय म्हणायचं ह्या माणसाला!

निगेटिव्हच्या कडेचे तीन दात मी मोजले, आणि दादा म्हणतो की शिवणखात्यातले फोटो तू काढलेस. चाळीसही. प्रदर्शनाचं तुझ्या कानावर आलंच असेल, नसलं तर आता आलं. इथल्या ग्रंथपालबाईंना तर त्या बायका परक्या पुरुषासमोर इतक्या मोकळ्या कशा, हेच कोडं पडलंय. कार्डं छापून माझ्या टेबलावर आली आहेत आणि त्या सगळ्यांवर बाबांचं नाव आहे. बाबांचं नाव खोडायला माझा हात धजत नाही आणि ते ठेवलं तर मला झोप लागणार नाही. बाबा माझे फार लाडके होते, तुला ठाऊकच आहे. त्यांनी असं केलं असेल, हे मला अजून गिळवत नाही.

सोबत चाळीस फोटोंचे लहान प्रिंट पाठवते, मागे आकडे घातलेत. तेरा नंबरचा जाहिरातीच्या मोठ्या कागदावर छापलाय, कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपलेली बाई. तो सगळ्यांना सर्वांत जास्त आवडला. तू ते बघ आणि मला एवढंच सांग, फोटो कुणी काढले आणि मी कार्डावर कुणाचं नाव लिहू? तू म्हणशील ते लिहीन. प्रदर्शन एक तारखेला आहे.

तुझ्या पायाशी,
धाकटी

*

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. दादा समोर वर्तमानपत्र घेऊन बसलाय आणि गेला अर्धा तास पान उलटत नाहीये. त्याला वाचायला दिलं नाही, पण पाकीट त्यानेच आणून दिलं, त्यामुळे मनात काय चाललंय ते दिसतंय. त्याच्यावर फार चिडू नकोस. तो लहानपणापासून असाच, गिळून बसणारा.

फोटो मीच काढले. कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी होती. सुपरवायझर दारात पिशव्या चाचपायचा, पण डब्याला हात लावायचा नाही. मिशीवाला डब्याच्या पिशवीत खाली आणि वर भाकरीचं फडकं. सुट्टीत पिशवी मांडीवर घ्यायची, पुढे पाडलेल्या भोकाशी भिंगं आणायची, पिशवीचं तोंड उघडायचं आणि मान खाली घालून बघायचं. कुणी पाहिलं तर वाटावं, बाई चमचा शोधतेय. आमच्यातल्या बायकांना अर्थात माहीत होतं. म्हणून तर त्या मोकळ्या होत्या. तुझ्या त्या ग्रंथपालबाईंना सांग, परका पुरुष तिथे कुणी नव्हताच.

आता तुझ्या दादाच्या खात्रीबद्दल. प्रिंट मी दोनदा बघितले. सदतीस माझे आहेत. तेरा, बावीस आणि एकतीस माझे नाहीत, ते भाऊने काढलेत, म्हणजे तुमच्या बाबाने. वर्षातून एकदा मालक सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला त्याला बोलवायचा. त्या दिवशी त्याच्याकडची फिल्म संपली आणि माझ्या पिशवीतला मिशीवाला त्याने मागून घेतला. खाचेने कॅमेरा कळतो रे बाबांनो, तो कुणाच्या हातात होता ते कळत नाही. तुम्ही दोघं दात मोजत बसलात आणि फोटोतली बाई कोण ते बघितलं नाही. तेरामध्ये गठ्ठ्यावर झोपलेली ती मी आहे. बावीसमध्ये पाठ माझी, एकतीसमध्ये हात माझे. तू माझ्या ह्याच हातांनी न्हालीस, धाकटे, तरी ओळखले नाहीस. दादा तर रोज ताटात वाढून घेतो.

तो तेरावा फोटो चांगला आहे. माझ्या सदतिसांपेक्षा चांगला आहे. त्याच्यावर भाऊचं नाव राहू दे, त्याचा हक्क आहे. त्याला फोटो काढता यायचा नाही असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

आता नावाचं. स्पर्धेला पाठवायच्या आधी भाऊने मला विचारलं होतं की तुझं नाव घालू का. मीच नको म्हटलं. नाव छापलं असतं तर माझी नोकरी गेली असतीच, वर फोटोतल्या सगळ्या बायकांची गेली असती. त्याने शिक्का मारला तो मला विचारून मारला, हे तू पक्कं ध्यानात ठेव आणि बापाच्या नावाने रडू नकोस.

पुढे तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. नोकरी कुणाचीच उरली नाही. तेव्हा मला वाटलं, आता तो पुन्हा विचारेल. मी फोटोंवरचे डाग झाकायला, रिटचिंगला, दुकानातच बसत होते, त्याच्यापासून चार हातांवर. रोज वाटायचं, आज विचारेल. पुढे वाटायचं, ह्या महिन्यात विचारेल, मग वाटायचं, कधीतरी विचारेल. मी होऊन सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. पण एकदा नको म्हटलेलं माणसाने स्वतः कसं मागावं? त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आणि गेला. दादाने विचारलं नाही. तू कार्डं छापून झाल्यावर का होईना, विचारलंस.

तर सांगते. सदतीस कार्डांवर माझं नाव लिही. मी लग्न केलं नाही, तेव्हा आडनाव छापलंय तेच आहे, ते तसंच राहू दे. नुसतं पुढचं नाव पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून बदल, आणि त्याला गोंद हवा तेवढा लाव.

मी एक तारखेला येते. दादा घेऊन येईल, नाही म्हणाला तर एकटी येते.

तुझी आत्या