कुरडईतली कचकच

वाडी, ता. माण
५ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा हिस, दादाचे अ. उ. आ.

आई बरी आहे. थंडीत छाती भरते तेवढंच. कुरड्यांचे गहू भिजत घातलेत. आबा मेंढरं घेऊन वाळव्याकडे कृष्णाकाठी उतरलेत.

फोनवर मी चिडतो आणि तू गप्प होतेस, म्हणून पत्र. माझ्या खडी क्रशरच्या कर्जाची फाइल तू तुझ्या बँकेतल्या राजेश्वरी मॅडमकडे का दिलीस? घरात बँकवाली असून उपयोग काय? त्या बाई जामीन आणि उत्पन्न विचारून थांबल्या नाहीत. धूळ कुठं जाणार, पाणी कुठून आणणार, शेजारी कोण राहतं, असं विचारत बसल्या. कर्ज मागायला गेलो होतो की सोयरीक जमवायला, तेच कळेना.

मी सरळ लिहून दिलं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, धूळ माळावर जाईल. थंडीत वारा फिरून वाडीवर येतो, पण तेव्हा माणसं मेंढरांमागं गेलेली असतात, वाडी रिकामीच असते. यात खोटं काय?

मुंबईहून रजेवर आलोय. तिथं दुसऱ्याच्या क्रशरवर पुष्कळ राबलो. आता आईजवळ राहायचंय, तेवढं बघ. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझा भांडखोर दादा,
तानाजी

विश्रामबाग, सांगली
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, समीक्षाचा सा. न. वि. वि.

फाइल दिली, कारण तू माझा भाऊ आहेस. मंजूर केली असती तर लोक बोलले असते, आणि नामंजूर करण्याइतकं काळीज माझ्याकडे नाही.

मॅडम खवचट नाहीत रे. मागे आमच्या बँकेनं नुसता नफा बघून एका कारखान्याला कर्ज दिलं. सांडपाणी ओढ्यात गेलं, विहिरी नासल्या, लोक उठले, कारखान्याला टाळं लागलं. गावाचं पाणी गेलं आणि बँकेचे पैसेही. तेव्हापासून आम्ही आधी शेजार विचारतो.

वाडी रिकामी असते, हे वाचून मात्र मला राग आला. दादा, मुंबईहून रोज संध्याकाळी तू त्या रिकाम्या वाडीत फोन कुणाला करतोस? मेंढरांमागं जाणारे जातात. मागे आई राहते, बयाबाई आत्या राहते, शाळेची पोरं राहतात. लहानपणी आपणही मागेच राहायचो की.

तू घरी यावंस, हे मला तुझ्याहून जास्त हवंय. क्रशरसाठी टेकडीपलीकडची जुनी खाण बघ, एवढंच मागते. रागावून का होईना, उत्तर लिही.

तुझी,
समीक्षा

वाडी, ता. माण
२ मार्च २०२५

चि. समीक्षा हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. वाडीलगतच्या आपल्या जागेवर पायासाठी दुसऱ्या क्रशरवरची दगडी भुकटी उतरवून ठेवली होती. दुपारी वाडीकडे वारा सुटला. आईच्या कुरड्या अंगणात बाजेवर वाळत होत्या.

वाळल्यावर तिनं तळून वाढल्या, तर पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. ती मुकाट्यानं खात होती. विचारलं, तर म्हणाली, की व्हय, जराशी लागतीया, पर तू घरी येणार असशील तर आमी वरीसभर असंच खाऊ, त्यात काय लय मोठं न्हाई. मग तिला खोकल्याची उबळ आली. समे, मी वाडी रिकामी लिहून दिली होती, आणि ती माझ्यासमोर बसून खोकत होती.

खाण बघून आलो. रस्ता करावा लागेल, त्याचे पैसे जमवायला आणखी वर्षभर मुंबई. आईनं पदरानं डोळे पुसले आणि पुढच्या थंडीला ये म्हणाली. मॅडमना नवा अर्ज दिलाय. थंडीत वाडीत कोण असतं, या प्रश्नापुढं पहिलं नाव आईचं घातलंय.

सोबत कुरड्यांचा डबा पाठवतो. वरच्या नव्यानं केलेल्या, चांगल्या, त्या तुझ्या. खालच्या पिशवीतल्या कचकचीच्या, त्या बँकेत ठेवा. पुढं कुणी वाडी रिकामी असते असं लिहून दिलं, तर आधी एक तळून त्याला वाढा.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा