क्लॅरीच्या खांद्यावरचा झेल

मेलबर्न, सोमवार

प्रिय एल्सी,

पोरांचे पापे घे. आधी हे वाच : तुझा नवरा ठीक आहे. हॉस्पिटलात मटण चापतोय, नर्सना हसवतोय. मोडलेला पाय नाताळपर्यंत चालता होईल, असं डॉक्टर म्हणाले. फुटबॉलचं विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

पेपरातला फोटो तिथे पोचला असेल. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात चालतं तसं, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून उंच चेंडू झेलणारा मी आहे. ज्याच्या खांद्यावर माझा गुडघा आहे, तो विरुद्ध संघातला खेळाडू म्हणजे तुझा क्लॅरी. मी त्याच्यासकट खाली आलो. लोक टाळ्या पिटत होते, त्याची किंकाळी फक्त मला ऐकू आली.

काल भेटलो तर म्हणतो, "मेव्हण्या, चढलास ते चढलास, गोल तरी मारायचास!" मला हसता आलं नाही.

गायी कोण दोहतंय? एकटी राबून मरू नकोस. मॅनेजरला सांगितलं, या मोसमात मला संघात धरू नका. तो ओरडला, "फायनल तोंडावर आलीय, वेडा झालास का?"

शुक्रवारच्या गाडीने येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन. राग असेल तर बोलूही नकोस, बादली तेवढी हातात दे.

तुझाच भाऊ,
वॉली